थांबायचं, पण शिक्का बघून

मैत्रिणींनो, खरं सांगते, फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. आमच्या खोपटला खेळ म्हणजे क्रिकेट, नाहीतर कबड्डी, आणि गोकुळाष्टमी जवळ आली की गोविंदांचे थर. बावीस जण एका चेंडूमागे दीड तास धावणार आणि शेवटी शून्य-शून्य होणार, यात बघण्यासारखं काय आहे रे, असं मी चिरंजीवांना विचारायची. तो नुसता हसायचा. कॉलेजात असताना त्याला आर्सेनलचं वेड लागलं. क्लब लंडनचा, आणि हरला की जेवण टाकणार आमचा मुलगा! रात्री साडेबाराला मॅच, सकाळी सातची गाडी, आणि मधल्या वेळात पंख्याकडे बघत पडलेला. "अरे, ते तुला ओळखतात तरी का?" असं मी एकदा म्हटलं होतं. त्यावर दोन दिवस बोलला नाही.

पण याच वेडाने मला एक गोष्ट शिकवली, आणि ती थेट आमच्या बिल्डिंगच्या कामी आली. आता लंडनच्या क्लबचा आणि खोपटच्या बिल्डिंगचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. म्हणून जरा सुरुवातीपासून सांगते.

खोपटच्या एसटी स्टँडपासून चालत सात-आठ मिनिटांवर आमची सोसायटी. १९७९ सालची, तळमजला अधिक चार मजले, अठ्ठावीस बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. पावसाळ्यात जिन्यातल्या भिंतीला हात लावला की ओला व्हायचा. स्लॅबचे पोपडे पडायचे. एकदा आमच्या स्वयंपाकघरात ओट्यावरच पडला, कुकरच्या शेजारी. आमचे 'हे' एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले आणि रिकामा माणूस सापडला म्हणून सगळ्यांनी त्यांना सोसायटीचं सेक्रेटरी केलं. तेव्हापासून घरात फायलीच फायली. पुनर्विकास करायचा ठरलं. सभा झाल्या, टेंडर झाली, भांडणं झाली, करार झाला. २०१९च्या नोव्हेंबरमध्ये आम्ही घरं रिकामी केली. तीस महिन्यांत नवीन घराची किल्ली, असं कागदावर लिहिलेलं. म्हणजे २०२२चा मे. ठाण्यातलं भाडं परवडेना म्हणून आम्ही डोंबिवली पूर्वेला एक खोली-किचन घेतलं. चाळीस वर्षांचा संसार टेम्पोत चढताना बघून मी रडले, आणि हे म्हणाले, "रडतेस काय? अडीच वर्षांचा तर प्रश्न आहे."

गंमत बघा, त्याच्या पुढच्याच महिन्यात, २०१९च्या डिसेंबरमध्ये, तिकडे आर्सेनलने मिकेल आर्टेटा नावाच्या माणसाला मॅनेजर नेमलं. फुटबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे संघाचा कर्ताकरविता. कोणाला खेळवायचं, कोणाला विकायचं, कोणाला आणायचं, सगळं तोच बघतो. हा स्पॅनिश माणूस पूर्वी याच क्लबकडून खेळलेला. वय सदतीस, आणि मुख्य मॅनेजर म्हणून पहिलीच नोकरी. तो म्हणाला, संघ मुळापासून बांधावा लागेल, वेळ लागेल. म्हणजे आमची बिल्डिंग आणि मुलाचा क्लब एकाच हंगामात पाडायला घेतले म्हणा ना!

खड्ड्यात साचलेलं पाणी

पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. मार्च २०२० आला. जुनी बिल्डिंग पाडून नुकतं खोदकाम सुरू झालेलं. लॉकडाऊन लागला, मजूर गावी गेले, काम बंद. पहिल्या दीड वर्षाच्या भाड्याचे चेक आधीच मिळाले होते, तोवर कोणी फार बोललं नाही. पण २०२१च्या मध्यापासून भाडं रखडायला लागलं. एक महिना उशीर, मग दोन महिने. विकासकाच्या ऑफिसात फोन केला की "साहेब मीटिंगमध्ये आहेत" हे उत्तर ठरलेलं.

लोकल गाड्या तर आम्हा साध्या माणसांना बंदच होत्या. २०२१च्या ऑगस्टमध्ये, दोन लस घेतलेल्यांना पंधरा तारखेपासून गाडीत चढायची परवानगी मिळाली. हे दुसऱ्याच दिवशी डोंबिवलीहून ठाण्याला गेले आणि साईटवर जाऊन आले. आल्यावर चहा घेतला, बोलले काहीच नाहीत. मी विचारल्यावर म्हणाले, "खड्डा आहे. पाण्याने भरलाय. कडेला गवत उगवलंय."

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या खड्ड्याचा फोटो कोणीतरी टाकला आणि मग जे सुरू झालं ते विचारू नका. चाळीस वर्षं ज्यांच्या घरी वाटीभर साखर मागायला गेलो, ज्यांच्या मुलींच्या लग्नात हळद लावली, ती माणसं यांना काय काय बोलली. सेक्रेटरी झोपलाय. सेक्रेटरीने कमिशन खाल्लं असेल. २९ ऑगस्टला, रविवारी, सभा ठरली. विषय दोनच होते. सेक्रेटरी बदलायचा, आणि विकासक बदलायचा.

आणि इकडे चिरंजीवांच्या आर्सेनलची अवस्था? त्याहून वाईट. आधीचे दोन्ही मोसम आठवा नंबर. मधे २०२० साली एफए कप जिंकला तेवढाच काय तो आनंद. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच युरोपातल्या एकाही स्पर्धेत जागा नाही. २०२१चा ऑगस्ट उजाडला आणि पहिली मॅच ब्रेंटफर्डशी हरले, दोन-शून्य. दुसरी चेल्सीशी, तीही दोन-शून्य. तिसरी मँचेस्टर सिटीशी होती, २८ ऑगस्टला, शनिवारी. म्हणजे आमच्या सभेच्या आदल्या दिवशी.

आपल्याकडची संध्याकाळची पाचची वेळ. मी पोहे केले होते. हे आतल्या खोलीत उद्याच्या सभेच्या फायली लावत बसलेले. मीही सहज बसले टीव्हीसमोर. एक गोल झाला, दुसरा झाला, मग आर्सेनलच्या एकाला लाल कार्ड दाखवून बाहेर काढलं. पाच-शून्य! तीन मॅच, नऊ गोल खाल्ले, स्वतः एकही केला नाही. वीस संघांच्या यादीत आर्सेनल एकदम तळाला.

मला वाटलं आता हा रिमोट फेकणार. पण त्याने टीव्ही बंद केला, पोह्यांच्या बशा उचलल्या आणि विसळायला लागला. मी म्हटलं, "अरे, राग नाही येत तुला? काढून का टाकत नाहीत त्या माणसाला?"

तो म्हणाला, "खूप जण तेच म्हणतायत. मला पण राग येतो. पण आई, तो काय करतोय ते बघ ना."

मुलाने मांडलेला हिशोब

मग ओट्याशी उभं राहून त्याने मला समजावलं, तेही अगदी माझ्या भाषेत. म्हणाला, या उन्हाळ्यात त्याने पाच नवे खेळाडू घेतले. पाचच्या पाच तेवीस वर्षांचे किंवा त्याहून लहान. क्लबच्या स्वतःच्या शाळेत तयार झालेला बुकायो साका एकोणीस वर्षांचा, तो रोज खेळतोय. मोठे पगार घेणारे जुने खेळाडू एकेक करून जातायत. म्हणजे हा माणूस आजची मॅच जिंकायला नाही, तीन वर्षांनंतरची जिंकायला माणसं जमवतोय. निकाल वाईट आहेत, पण जे करतो म्हणाला होता तेच करतोय.

मी म्हटलं, "आणि तीन वर्षांनी पण हरला तर?"

"तर मी मूर्ख ठरेन," तो म्हणाला. "तेवढी जोखीम आहेच."

मग त्याने मला अॅलेक्स फर्ग्युसन यांची गोष्ट सांगितली. मँचेस्टर युनायटेडने १९८६च्या नोव्हेंबरमध्ये त्यांना आणलं. पहिल्या चार मोसमांत नंबर आले अकरावा, दुसरा, अकरावा आणि तेरावा. १९८९ साली एका चाहत्याने मैदानात कापडी फलक आणला होता, तीन वर्षं कारणं ऐकली, आता निघा, अशा अर्थाचा. पण क्लबने काढलं नाही. ते गावोगावची पोरं हेरून क्लबात आणत होते, खालची फळी बांधत होते. १९९०मध्ये एफए कप मिळाला, १९९३मध्ये सव्वीस वर्षांनंतर लीग मिळाली, आणि हे गृहस्थ २०१३ सालापर्यंत तिथेच होते. तेरा वेळा लीग जिंकून निवृत्त झाले.

"म्हणजे थांबावं," मी म्हटलं. यांच्यासाठी मला तेच ऐकायचं होतं ना!

पण पोरगा प्रामाणिक. म्हणाला, "असं नाही गं. बदलूनही जिंकतात. आपली मुंबई सिटीच बघ." २०१४ साली मुंबईचा संघ सुरू झाला, पहिली सहा वर्षं हाताला काही लागलं नाही. २०२०मध्ये त्यांनी प्रशिक्षक बदलला, सर्जिओ लोबेरा आले, आणि पहिल्याच मोसमात, २०२१च्या मार्चमध्ये, लीगची ढालही जिंकली आणि चषकही. "थांबलं की जिंकतोच असं काही नाही. कोण कशासाठी थांबायला सांगतोय आणि मधल्या काळात काय दाखवतोय, ते बघायचं."

मधल्या काळात काय दाखवतोय! हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. कारण माझा तर धंदाच तो आहे.

पासबुकातली नोंद

सांगायचं राहिलं. मी गेली सव्वीस वर्षं पोस्टाची आरडी एजंट आहे. खोपट, चरई, पाचपाखाडी या भागातल्या बायकांकडून दर महिन्याला हप्ते गोळा करते आणि पोस्टात भरते. कोणी भाजी विकते, कोणी पोळ्या लाटते, कोणी शाळेत शिपाई आहे. पाच वर्षांची मुदत, साठ हप्ते. साठ महिने या बायका हातात एक पैसा न येता थांबतात. मुलीचं लग्न, मुलाची फी, नवऱ्याचं ऑपरेशन, मधे काय वाटेल ते आलं तरी शक्यतो खातं मोडत नाहीत.

पण या थांबतात म्हणजे डोळे मिटून थांबतात का? नाव नको! हप्ता दिला की कार्डावर माझी सही हवी. पोस्टाच्या पासबुकात नोंद हवी. पोळ्या लाटणारी आमची एक बाई आहे, तिला लिहिता-वाचता येत नाही. पण शिक्के मोजता येतात. एका महिन्याची नोंद राहिली तर माझ्या दारात उभी! मला कधी राग आला नाही. उलट वाटायचं, हिचं बरोबर आहे. हिचा माझ्यावर विश्वास आहे म्हणूनच ती विचारते. नसता तर तिने पहिला हप्ताच दिला नसता.

मग मला कळलं की आमच्या सोसायटीत नेमकं काय बिघडलंय ते. लोक थांबायला तयार नव्हते असं नाही. बावीस महिने थांबलेच होते की. पण त्यांच्या पासबुकात नोंदच नव्हती. विकासक यांना काहीतरी सांगायचा, हे ते मनात ठेवायचे. "उगाच लोकांना घाबरवायचं कशाला?" हे यांचं म्हणणं. यांचा हेतू चांगला होता. पण ज्याला काहीच सांगितलं जात नाही, तो माणूस शेवटी वाईट तेच धरून चालतो.

त्या रात्री फोंड्याहून धाकट्या नणंदेचा फोन आला. सभेचं कळलं होतं तिला. तिचे यजमान पक्के डेम्पोवाले, म्हणजे गोव्याच्या डेम्पो क्लबचे जुने चाहते. फोन त्यांनी घेतला आणि यांना धीर द्यायला म्हणून आपल्या आर्मांदो कुलासोंची गोष्ट सांगायला लागले. फोन स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकली. कुलासो २००० साली डेम्पोचे प्रशिक्षक झाले. राष्ट्रीय लीग मिळायला २००५ साल उजाडलं. पाच वर्षं! त्या मोसमातच डिसेंबर २००४मध्ये, बेंगळुरूला, फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात त्यांचा ब्राझीलचा क्रिस्तियानो ज्युनियर दोन्ही गोल करून मैदानातच कोसळला आणि गेला. ते दुःख गिळून संघाने लीग जिंकली. समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा यांच्यासारखी गोव्याची पोरं वर्षानुवर्षं त्याच क्लबात राहिली. २०१३पर्यंत कुलासो होते आणि तेवढ्यात पाच वेळा देशाची लीग जिंकली. "दादा, धीर धरा, लोक येतात परत," असं ते म्हणाले.

यांना बरं वाटलं. मला मात्र एक प्रश्न पडला, तो मी विचारला. "त्या पाच वर्षांत तुम्ही चाहते काय धरून बसला होतात हो?"

ते जरा थांबले. मग म्हणाले, "वहिनी, आम्ही गोंयकार. संध्याकाळी मैदानावर जाऊन सराव बघायचो ना! कोण घाम गाळतो ते दिसत होतं."

बघा! म्हणजे इथेही तेच.

सभा

दुसऱ्या दिवशी एका सभासदाच्या भाड्याच्या बिल्डिंगच्या गच्चीवर सभा झाली. मास्क लावून, लांब लांब खुर्च्या टाकून. तिसऱ्या मजल्यावरच्या तरुणाने विकासक बदलायचा ठराव मांडला. मुद्दे चांगले होते त्याचे. हे उत्तर द्यायला उठले आणि नेहमीसारखं "थोडा विश्वास ठेवा" म्हणाले. गच्चीवर एकच गलका.

मी उठले. माझ्या नावावर घराचा अर्धा हिस्सा आहे, म्हणजे बोलायचा हक्क होता. मी म्हटलं, "माझे यजमान सेक्रेटरी आहेत, तरी बोलते. यांना काढू नका असं मी म्हणणार नाही. पण काढायच्या आधी यांनी आम्हाला हिशोब द्यावा. भाडं कोणाचं किती महिन्यांचं थकलंय? बँक गॅरंटीची मुदत कधी संपते? विकासकाने शेवटचं लेखी काय कळवलं आणि कधी? पुढच्या तीन महिन्यांत कुठवर काम येणार? ते नाही आलं तर आपण काय करणार? आणि हे सगळं दर महिन्याच्या एक तारखेला आम्हाला लिहून हवं. विकासक गप्प असेल तर 'विकासक गप्प आहे' असं लिहा. पण लिहा."

यांचं तोंड एवढंसं झालं. बायको चारचौघांत उलट बोलली! नंतर चार दिवस घरात फक्त "मीठ दे" आणि "दार लाव" एवढंच संभाषण होतं. पण त्या दिवशी ठराव बदलला. विकासकाला वकिलामार्फत नोटीस, तीन महिन्यांची मुदत, आणि दर महिन्याला लेखी अहवाल. सेक्रेटरी तोच, पण सोबत तो तिसऱ्या मजल्यावरचा तरुण आणि मी अशी तिघांची समिती.

आता सगळं गोडच झालं असं वाटेल तुम्हाला. पण सभा संपताना दुसऱ्या मजल्यावरच्या काकू बोलल्या. वय अठ्ठ्याहत्तर. नवरा नाही, मूलबाळ नाही. कल्याणला भाचीकडे राहत होत्या. त्या उठल्या नाहीत, बसूनच म्हणाल्या, "तुमचं सगळं पटतं गं मला. पण तीन महिने, मग सहा महिने, मग दोन वर्षं. माझ्याकडे किती उरलेत ते कोणी मोजलंय का?"

गच्चीवर कोणी बोललं नाही. फर्ग्युसन, कुलासो, आर्टेटा सगळे माझ्या डोक्यातून उडाले. धीर धरा म्हणणारा मुलगा माझा सव्वीस वर्षांचा होता. त्याला हरलेले पाच मोसम परवडतात. आपण "थांबा" म्हणतो तेव्हा समोरच्याचं वय बघतच नाही.

आम्ही एवढंच केलं की सोसायटीच्या निधीतून ज्येष्ठांचं थकलेलं भाडं आधी दिलं. पण काकूंना ते पुरलं नाही. २०२२च्या उन्हाळ्यात त्यांनी आपली जागा, म्हणजे व्हायच्या घराचा हक्क, विकला. नव्या घराची पूर्ण किंमत मिळाली नाही हे उघड आहे, कारण खड्ड्याला कोण पूर्ण पैसे देणार? त्या पैशांत भाचीच्या शेजारी एक खोली घेतली. "मला आज राहायला घर हवंय, नकाशातलं नको," म्हणाल्या. चुकलं का त्यांचं? मला अजून तसं म्हणवत नाही.

एक तारखेचा कागद

नोटिशीनंतर दिवाळी झाली आणि काम सुरू झालं. दर एक तारखेला हे कागद लिहायला बसायचे. सुरुवातीला रागारागाने, मग सवयीने. "पायलिंग ६०पैकी २२ पूर्ण." "या महिन्यात काम १२ दिवस बंद, कारण सिमेंट आलं नाही." "तीन सभासदांचं भाडं अजून बाकी." वाईट बातमी असायची तरी ग्रुपवर शिव्या येत नव्हत्या. चिरंजीवांनी महारेराच्या संकेतस्थळावर विकासकाला दर तिमाहीला काय माहिती भरावी लागते तेही काढून दाखवलं. आम्ही ती आमच्या कागदाशी ताडून बघायचो. फरक दिसला की पत्र जायचं. माझी आरडीची सवय इथे कामी आली.

तिकडे आर्सेनलही वर सरकत होता. त्या मोसमात पाचवा नंबर आला. मधेच आर्टेटाने संघाच्या कप्तानाची कप्तानी काढून घेतली, शिस्त मोडली म्हणून. मोठा खेळाडू होता, पण शेवटी क्लब सोडून गेला. २०२३मध्ये तर बहुतेक मोसम पहिल्या नंबरवर होते आणि शेवटी घसरून दुसरे आले. पोरगा खचला, पण आता मीही मॅच बघायला लागले होते. "पोरं लहान आहेत अजून," असं मीच त्याला म्हटलं!

अर्थात, वेळ मागणारा प्रत्येकजण फर्ग्युसन नसतो, हेही याच काळात बघितलं. आपल्या भारतीय संघाला २०१९च्या मे महिन्यात इगोर स्टिमॅच प्रशिक्षक मिळाले. पाच वर्षं चाहते थांबले. २०२४च्या जानेवारीत आशिया चषकात तिन्ही सामने हरलो, एकही गोल नाही. मार्चमध्ये गुवाहाटीला, आपल्याच घरी, अफगाणिस्तानने हरवलं. जूनमध्ये विश्वचषक पात्रतेतून बाहेर पडलो आणि मग त्यांना काढलं. चाहत्यांनी थांबण्यात कसूर केली असं कोण म्हणेल? तिथे पासबुकात नोंदच दिसत नव्हती.

आमच्या किल्ल्या मिळाल्या २०२४ साली. कागदावरच्या तारखेपेक्षा दोन वर्षं उशिरा. १० मेला, अक्षय्य तृतीयेला, आम्ही दूध उतू घातलं. सगळं मनासारखं आहे असं नाही. पार्किंग कमी पडतं, आमच्या बाल्कनीसमोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत आहे, आणि करारातला एक कपाटाचा कोपरा कुठे गेला ते अजून कळलं नाही. पण भिंतीला हात लावला तर तो कोरडा राहतो. लिफ्ट आहे.

नऊ दिवसांनी, १९ मेच्या रविवारी, काकू आमच्याकडे मुक्कामाला आल्या. दुसऱ्या दिवशी ठाण्यात लोकसभेचं मतदान होतं आणि त्यांचं नाव अजून खोपटच्याच यादीत होतं. लिफ्टने वर आल्या. दुसऱ्या मजल्यावर दार उघडं दिसलं तेव्हा त्यांनी तिथे थोडा वेळ बघितलं. नवी माणसं होती, लहान मूल रांगत होतं. "उजेड चांगला येतो नाही?" एवढंच म्हणाल्या.

त्याच रात्री साडेआठला आर्सेनलची शेवटची मॅच. सोफा अजून आला नव्हता, म्हणून आम्ही सगळे चटईवर बसलो. आर्सेनल जिंकला, पण तिकडे मँचेस्टर सिटीही जिंकली, आणि दोन गुणांनी पुन्हा दुसरा नंबर. पोरगा गुडघ्यात डोकं घालून बसला.

काकूंनी विचारलं, "हा जिंकला ना आत्ता? मग रडतो का?"

मी सगळं समजावून सांगितलं. साडेचार वर्षं, आठवा नंबर, तळाचा नंबर, मग पाचवा, मग दुसरा, परत दुसरा. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग पोराच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तू तरुण आहेस. थांब हवं तर. पण कोणी थांबला नाही तर त्याला नावं ठेवू नकोस हो."

सकाळी सातला यांनी काकूंना मतदानाला नेलं. जाताना खाली नोटीस बोर्डासमोर दोघं थांबलेली मी वरून बघितली. त्या बोर्डावर यांचा एक तारखेचा कागद लावलेला होता. घरं मिळाली तरी यांनी तो बंद केलेला नाही. आता त्यात पाण्याच्या टाकीची सफाई, लिफ्टची देखभाल आणि थकलेला मेन्टेनन्स एवढंच असतं. हे बोटाने एकेक ओळ दाखवत होते आणि काकू, ज्यांचं या सोसायटीत आता काहीच नाही, त्या चष्मा सावरून शेवटपर्यंत वाचत होत्या.